उघड्यावर दगडी फरशी बसवल्यावर सीलर (दगडात पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून लावायचा द्रव) लगेच मारावा का?
नाही, सिमेंटच्या मसाल्यावर बसवली असेल तर साधारण 28 दिवस थांबा आणि फरशी कोरडीठाक असतानाच सीलर मारा. मसाल्यातलं पाणी दगडातून वर येताना क्षार सोबत आणतं. वरून सीलर बसला की ओल आत अडकते, डाग पडतात आणि पांढरा खार सीलरखाली कोंडला जातो. मग तो काढणं फार जिकिरीचं. सीलर दगडात मुरणाराच घ्या. चकचकीत पापुद्रा धरणारा दिसतो छान, पण उन्हापावसात सोलतो आणि ओला झाला की पाय घसरतो. रंग गडद होऊ शकतो, म्हणून आधी सुट्या तुकड्यावर लावून बघा. मात्र पाण्याचे थेंब टाकल्यावर दहा मिनिटांनीही दगड काळसर झाला नाही (घट्ट ग्रॅनाइटचं बऱ्याचदा असं होतं), तर सीलरवर खर्च करायची फारशी गरज नाही.