पट्टीखाली झाकलेला शब्द

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेल्या सातवीच्या निबंधांच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या. पत्र एकदा वाचले, निबंध तीनदा वाचले. तू लिहितोस की मुलांची गोष्टीची पुस्तके वर्गात वाचून दाखवली, त्यांतले चांगले शब्द वेचून मोठा तक्ता केला, नवा शब्द वापरणाऱ्याला वहीत स्टार द्यायला सुरुवात केली, आणि महिन्याभरात मुले पुस्तके बाजूला ठेवून गाइडमधूनच शब्द आणू लागली. लेखन सुधारण्याऐवजी बिघडले. शिवाय सातवीच्या वर्गात चित्रांची पुस्तके पाहून मुख्याध्यापकांनी नाराजी दाखवली, तेव्हा आता हे सगळे सोडून द्यावे का, असे तू विचारतोस. सोडू नकोस. मात्र जे चालवले आहेस ते जसेच्या तसे चालूही ठेवू नकोस.

त्या निबंधांतले एक वाक्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ‘पावसाळ्यात आमच्या घराचे नयनरम्य छप्पर मनमोहकपणे गळते.’ तू त्याखाली ‘छान शब्द’ असा शेरा लिहून दोन स्टार दिले आहेस. त्या वाक्यात त्या मुलाचा स्वतःचा शब्द एकच आहे, ‘गळते’. तो त्याने कोणत्याही तक्त्यावरून उचललेला नाही. रात्री अंथरूण ओढून कोरड्या कोपऱ्यात नेताना आणि कोणते भांडे कुठे ठेवायचे हे आईला सांगताना त्याला तो मिळालेला आहे. तू ज्या दोन शब्दांना स्टार दिलास त्यांनी तोच शब्द झाकून टाकला. तुझ्या तक्त्याने मुलांना आधी शब्द दिला आणि मग त्यासाठी जागा शोधायला लावले. क्रम उलटा आहे. आधी गरज, मग शब्द. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल, कारण मला ते समजायला एका मुलीचे लेखन खर्ची पडले आहे.

१९८९ साली मी साताऱ्याकडून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. तिथल्या एका मुलीने ‘पावसाळा’ या विषयावर लिहिताना पहिलेच वाक्य लिहिले होते, ‘झड लागली म्हणून आई कामाला गेली नाही.’ मला तो शब्द अर्धवट, गावंढळ वाटला. मी लाल शाईने तो खोडला आणि वर लिहिले, ‘मुसळधार पाऊस पडत होता’. पुढे त्याच गावात तीन पावसाळे काढल्यावर मला कळले की झड म्हणजे मुसळधार पाऊस नव्हेच. मुसळधार पाऊस सहसा तासा-दोन तासांत ओसरतो. झड लागते तेव्हा पाऊस जोराचा नसतो, पण तो थांबत नाही. चार चार दिवस आभाळ उघडत नाही, जमिनीला वाफसा येत नाही, निंदण, म्हणजे तण काढायचे काम, खोळंबते, आणि रोजाने जाणाऱ्या बाईची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. त्या मुलीने सात शब्दांत घरची सगळी परिस्थिती सांगितली होती. मी ती दुरुस्त केली, आणि दुरुस्ती चुकीची केली. शब्द कोशातही होता, हे मी कोश उघडला तेव्हा समजले, आणि तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती. त्या निबंधानंतर वर्षभर तिने माझ्या पसंतीचेच शब्द लिहिले. तिच्या वहीत एकही चूक राहिली नाही आणि तिचे स्वतःचेही काही राहिले नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण देत राहिले.

म्हणून तुझ्या त्या दोन स्टारांचा मला राग आला आहे. तो तुझ्यावरचा कमी आणि माझ्यावरचा जास्त आहे, हे तू समजून घेशील.

आता मुलांच्या पुस्तकांविषयी. ती सोपी असतात म्हणून वर्गात घ्यायची नसतात. त्यांत जागा फार थोडी असते म्हणून घ्यायची असतात. एका पानावर दोन वाक्ये, वरचे अर्धे पान चित्राचे. घर कसे होते, आकाश कसे होते हे चित्रानेच सांगितलेले असते, त्यामुळे लिहिणाऱ्याला विशेषणांची आरास मांडता येत नाही. त्याच्या हाती उरते ते क्रियापद, एखादा नादाचा शब्द आणि वाक्याची लय, आणि ते मोठ्याने वाचल्यावर कानाला खटकता कामा नये. इतक्या अरुंद जागेत चुकीचा शब्द लपत नाही. शब्दनिवड शिकवायला याहून चांगले साधन मला सापडले नाही. ही पुस्तके लहान मुलांची म्हणून हलकी, असे ज्यांना वाटते त्यांना सांग, की वा. गो. आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ हे मुलांचे मासिक सुरू केले, आणि ‘शब्दरत्नाकर’ हा कोशही त्यांनीच सिद्ध केला. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणणाऱ्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी एकामागून एक कवितासंग्रह लिहिले. माधुरी पुरंदरे मुलांच्या पुस्तकांचा मजकूर आणि चित्रे दोन्ही स्वतः करतात, आणि मराठी लेखनाचे धडे देणारे ‘लिहावे नेटके’ही त्यांचेच आहे. शब्दांची पारख असणारी माणसे मुलांकडे वळली, कारण शब्दाचा कस तिथे लागतो.

तू पुस्तक वाचून दाखवलेस आणि मग ‘यातले चांगले शब्द सांगा’ असे विचारलेस. तिथेच चूक झाली. लेखकाने निवडून ठेवलेला शब्द तू मुलांच्या हाती तयार दिलास, पण त्याने तो का निवडला असेल, ही अडचण त्यांच्यापुढे आलीच नाही. मी काय करीत असे ते सांगते. पान उघडण्यापूर्वी एका शब्दावर कागदाची पट्टी चिकटवायची. मला आठवते ते पान एका मांजरीचे होते. वाक्य असे होते, की मांजर दुधाच्या पातेल्याकडे गेली. आणि ‘गेली’च्या आधीचा एक शब्द मी झाकला होता. चित्रात मांजरीचे पोट जमिनीला टेकलेले, कान मागे वळलेले, एक पुढचा पाय अधांतरी. वर्गाकडून आधी ‘पटकन’ आला, मग ‘धावत’ आला. मी काही बोलले नाही, फक्त चित्र आणखी जवळ नेले. ‘पटकन नाही, बाई, तिचा पाय बघा,’ असे मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणाले. मग ‘हळूच’, मग ‘चोरपावलांनी’, मग ‘लपत’. सगळे फळ्यावर लिहिले. चोरपावलांनी जाणाऱ्याच्या पावलांचा आवाज होत नाही, पण तो ताठ उभा राहूनही जाऊ शकतो, असे एका मुलाने उठून चालून दाखवले. लपत जायला आडोसा लागतो आणि चित्रात आडोसा नव्हता. पट्टी काढली तेव्हा खाली ‘दबकत’ होता, आणि वर्गातून एक हुंकार आला, कारण पोटाचे जमिनीला टेकणे आणि मनातली भीती या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात होत्या आणि मुले गेली पंधरा मिनिटे नेमका तोच शोधत होती. त्यावर एक मुलगी म्हणाली, ‘पण ती अजून गेलीच नाही, ती टपून आहे.’ तिचे म्हणणे पुस्तकापेक्षा अचूक होते, आणि मी तसे वर्गात सांगितले.

त्या दिवशी मुलांना ‘दबकत’ हा शब्द मी शिकवला नाही. तो त्यांना घरी ऐकून माहीतच होता. त्यांना त्याची गरज लागली, एवढेच झाले. आधी गरज, मग शब्द.

पण इथेच थांबलास तर तो नुसता खेळ होईल. बहुतेक शिक्षक इथेच थांबतात, आणि मीही कितीतरी वर्षे इथेच थांबत असे. पट्टी पुस्तकावरून उठून मुलाच्या स्वतःच्या वहीवर आली पाहिजे. मुलाने आपल्या परिच्छेदातला एक शब्द, शक्यतो क्रियापद, झाकावा आणि वही शेजाऱ्याला द्यावी. शेजाऱ्याने तिथे कोणता शब्द असेल ते सांगावे. त्याने सुचवलेला शब्द अधिक नेमका असला तर लिहिणाऱ्याने आपला बदलावा, आणि नसला तर आपला शब्द का हवा हे सांगून तो राखावा. हे राखणे मला बदलण्याहून मोलाचे वाटते. त्या झड लिहिणाऱ्या मुलीला जर मी एकदा तरी विचारले असते, की हाच शब्द का, तर तिने मला पाऊस शिकवला असता.

विशेषणे झाकून पाहायला सांग, आणि वाक्य त्यांच्यावाचून उभे राहते का ते मुलांनाच ठरवू दे. ‘छप्पर गळते’ हे उभे राहते. मग त्याच मुलाला विचार, कसे गळते? माझ्या वर्गात या एका गळण्यावर पूर्ण तास गेला होता. माठ पाझरतो, नळ ठिबकतो, छप्पर गळते, भिंतीत ओल झिरपते, डोळ्यांतून पाणी ओघळते, पागोळ्यांचे पाणी टपटपते. या सगळ्यांत पाणी खालीच येते. पण माठ पाझरला तर पाणी गार होते म्हणून घर सुखावते, आणि छप्पर गळले तर घरातली माणसे रात्रभर जागतात. ‘नळ पाझरतो’ असे का म्हणत नाहीत, हे मुलांनी एकमेकांशी भांडून ठरवले. यांतला एकही शब्द अवघड नाही, आणि गाइडमध्ये यांतला एकही ‘सुंदर शब्द’ म्हणून दिलेला नसतो. मराठीची खरी श्रीमंती या क्रियापदांत आणि नादाच्या शब्दांत आहे, असे माझे ठाम मत आहे.

एका गोष्टीत मात्र सावध राहा. ‘म्हणाला’ऐवजी पुटपुटला, खेकसला, कुजबुजला असे शब्द मुलांना फार आवडतात, आणि एकदा ते सापडले की कोणी साधे काही म्हणतच नाही. पुस्तकातच दाखव, की लेखक दहा वेळा ‘म्हणाला’ लिहितो आणि अकराव्या वेळी, खरोखरच कोणी खेकसते तेव्हा, ‘खेकसला’ लिहितो. गरज नसेल तर साधा शब्दच नेमका असतो.

पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकांत ‘खुरपणी’ असेल, तुझी मुले ‘निंदण’ म्हणतील, माझ्या माहेरी ‘भांगलण’ म्हणतात. तिन्ही फळ्यावर लिही. पुस्तकातला शब्द बरोबर आणि घरातला चूक, असे तुझ्या तोंडून एकदा जरी निघाले तरी मुले घरचा शब्द वहीत आणायची थांबतील, आणि मग पट्टीखाली झाकायला त्यांच्यापाशी काही उरणार नाही.

मुख्याध्यापकांचे काय करायचे, हे तू विचारले आहेस. मलाही ते चुकले नाही. शाळांना साहित्य पुरवणाऱ्या सरकारी खडू-फळा मोहिमेत आमच्या शाळेला मिळालेली पुस्तके लोखंडी पेटीत कुलूपबंद होती, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढवलेली होती आणि एखादे हरवले तर भरपाई शिक्षकाला करावी लागेल, अशी सगळ्यांना धास्ती होती. मी किल्ली मागून घेतली आणि फाटलेल्या दोन पुस्तकांची किंमत भरली. माझा अभ्यासक्रम कधीच वेळेवर पूर्ण झाला नाही आणि तपासणीच्या शेऱ्यात ते दोनदा नोंदवले गेले. माझ्या सहकाऱ्यांची मुले माझ्या मुलांपेक्षा जास्त धडे संपवून पुढच्या वर्गात जात असत. मी हट्टी होते, आणि त्या हट्टाचा भार पुढच्या वर्गाच्या शिक्षकांवर पडला असेल हेही मला मान्य आहे. तरीही एका मांजरीवर तास घालवल्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. पश्चात्ताप आहे तो पहिल्या वर्षांतल्या त्या लाल शाईचा, आणि ती मी वेळ वाचवण्यासाठीच वापरली होती. तू अजून शिक्षणसेवक आहेस, नोकरीत कायम झालेला नाहीस, मुख्याध्यापकांशी वाद घालू नकोस. त्यांना वर्गात बोलव, एका शब्दावर पट्टी लाव आणि त्यांनाही तो ओळखायला सांग.

पुस्तके कमी पडत असतील तर बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. मात्र चित्र आणि थोडा मजकूर असलेलीच पाने निवड. दाट मजकुराचे पान या कामाला उपयोगी पडत नाही.

तक्ता उद्याच भिंतीवरून काढ. ते दोन स्टार परत घेऊ नकोस, मुलगा दुखावेल. पण त्याला शेजारी बसवून ‘नयनरम्य’ आणि ‘मनमोहकपणे’ या दोन शब्दांवर पट्टी ठेव आणि उरलेले वाक्य त्यालाच मोठ्याने वाचू दे. मग पहिला थेंब कुठे पडतो, एवढेच विचार आणि तो काय लिहितो ते मला कळव. पट्टी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची काप. वहीचा कागद घेतलास तर खालचा शब्द त्यातून दिसतो, आणि पुढच्या बाकावरची मुले तो आधीच वाचून टाकतात.

तुझ्या,
बाई