हिरवा चेहरा आजारी का दिसतो?

प्रश्न : एक्स्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे हुबेहूब रंगांऐवजी भावना दाखवणारे रंग वापरून, व्यक्तिचित्र करून पाहते आहे. अस्वस्थता दाखवायला गाल हिरवे आणि कपाळ निळं केलं. पण चेहरा अस्वस्थ नव्हे, आजारी वाटतो. रंगही मळकट झाले. माध्यम ॲक्रिलिक. कुठे चुकतंय?

उत्तर : हिरवा म्हणजे अस्वस्थता, असं कोष्टक नसतं. तो कुठे बसतो आणि शेजारी काय आहे, यावर सगळं ठरतं. फ्रेंच चित्रकार मातीसने १९०५ मध्ये काढलेलं पत्नीचं चित्र नीट बघा (तो एक्स्प्रेशनिस्ट नव्हे, भडक रंग वापरणाऱ्या फोव्ह गटातला, पण हा धडा त्याच्याकडूनच घ्यावा). कपाळापासून नाकावरून उतरणारा हिरवा पट्टा तिथे सावलीचं काम करतो. एकीकडचा गाल गुलाबी, दुसरीकडचा पिवळट. म्हणून चेहरा ठाम दिसतो. जर्मन एक्स्प्रेशनिस्ट एरिख हेकेलच्या १९१९ च्या पुरुषाच्या रंगीत वुडकटमध्ये (लाकडी ठशाच्या छापचित्रात) मात्र मंद हिरवा चेहराभर पसरतो आणि महायुद्धानंतरचा शिणवटा जाणवतो. उजेडातल्या गालावर हिरवा सपाट लावला, की तो कातडीचाच रंग वाटतो. तुमचं तेच झालंय.

चित्राचा मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. गाल, कपाळ आणि डोळ्यांच्या खोबणी सारख्याच करड्या दिसल्या, तर चेहऱ्याची घडण हरवली. आधी उजळ, मध्यम, गडद अशा तीनच टोनमध्ये (छटांमध्ये) चेहरा मांडा. मग उजळाला पिवळा, मध्यमाला नारिंगी, गडदाला व्हिरिडियन (निळसर हिरवा) किंवा अल्ट्रामरीन (गडद निळा) द्या.

मळकटपणाचं कारण वेगळं. ओल्या तांबड्यावर हिरवा गेला की हे विरोधी रंग एकमेकांना मारतात. पातळ थर वाळायला पंधरा-वीस मिनिटं द्या, पावसाळ्यात जास्त. किंवा दोन रंगांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती नंतर गडद निळ्या रेषेने भरा. तांबडा उजळायला पांढरा घालू नका, तो गुलाबी आणि थंड पडतो. चिमूटभर पिवळा घाला.

प्रश्न : मग सगळेच रंग भडक ठेवायचे का?

उत्तर : मुळीच नाही. एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार यावलेन्स्कीने १९०९ मध्ये रंगवलेलं नर्तक साखारॉफचं चित्र म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात आहे. लाल पोशाख, काळ्या रेषांनी कोरलेले डोळे, आणि चेहरा जवळजवळ पांढरा! त्या पांढऱ्यामुळेच नजर इतकी टोचते. निम्म्याहून अधिक जागा एका रंगाला द्या, सर्वांत तीव्र रंग डोळ्यांशी किंवा ओठांशी, नखाएवढ्या जागेत ठेवा.