मी दोरावर कच्ची आहे, म्हणून गुहाशोध मोहिमेत मला फक्त सर्व्हेची, म्हणजे गुहेची मापं लिहायची वही देणार आहेत. दोराचा सराव किती करू? आणि जाऊ का?

जा. आणि त्या ‘फक्त’वर मला आधी बोलायचंय.

आमच्या विद्यार्थी मोहिमेतही हीच वाटणी होती. दोरावर तरबेज असलेले खाली, बाकीचे वहीवर. आल्प्समधलं चुनखडीचं उंच पठार, गुहेत 2-3 अंश तापमान. मोजणारे निदान हलत तरी असतात, वहीवाली मात्र वाऱ्याच्या झोतात बसून आकडे लिहिते आणि भिंतींचं रेखाटन करते. आम्ही दिवसभर एका आडव्या फाट्याची मापं घेतली. तेवढ्यात म्होरक्या दोघांना घेऊन नव्या विवरात उतरला, एकही माप न घेता. मोठं दालन सापडलं म्हणून रात्री तंबूत जल्लोष झाला. मी आकडे मागितले. “आधी तळ गाठू, मापं पुढच्या वर्षी,” हे त्याचं उत्तर. आमचं तिथेच कडाक्याचं भांडण झालं.

पुढच्या उन्हाळ्यात विवराचं तोंड बर्फाने गच्च बुजलं होतं. त्या पठारांवर हे नेहमीचंच, कधीकधी वर्षानुवर्षं ते मोकळं होत नाही. ते दालन कुठल्या दिशेला जातं, यावर ते पाहिलेल्या तिघांचंही एकमत नाही. आमच्या फाट्याचे आकडे मात्र सर्व्हेक्समध्ये भरले होते (मापांवरून गुहेचा नकाशा जुळवणारी ही संगणक प्रणाली, केंब्रिजच्या विद्यार्थी गुहा क्लबातल्या मंडळींनीच लिहायला घेतलेली). फाट्याचं टोक शेजारच्या गुहेच्या अगदी जवळ आलेलं दिसलं. पुढच्या तुकडीने नेमकं तिथे, दगडांतून वारा येत होता त्या जागी खणलं आणि दोन्ही गुहा जोडल्या गेल्या. मापं न घेता पुढे धावण्याला मी शोध म्हणत नाही. तो म्होरक्या आजही त्या दालनावर भाषणं देतो.

वहीसाठी एवढंच: हेल्मेटची बॅटरी होकायंत्राजवळ आली की सुई भरकटते, म्हणून शंका आली की उलट दिशेनेही वाचन घ्यायला लावा. अंगावर चढवायला एक कोरडा गरम कपडा जवळ ठेवा. आकडे त्याच संध्याकाळी संगणकात भरा, चूक लगेच कळते.

आता दोर. वहीवालीलाही त्याच दोरावरून उतरायचं आणि चढायचं असतं, त्यामुळे यात सूट नाही. मधला अँकर (वाटेत दोर पुन्हा भिंतीला बांधलेली जागा) ओलांडणं आणि उतरता उतरता मध्येच चढाईच्या साधनांवर येणं, हे दोन्ही ओल्या हातमोज्यांनी, अंधारात, न चाचपडता जमेपर्यंत जाऊ नका. 2014 मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत योहान वेस्टहाउझर सुमारे 1000 मीटर खोलीवर दगड पडून जखमी झाले. ते मुरलेले गुहाशोधक होते, तरी त्यांना वर आणायला 11 दिवसांहून जास्त लागले.

निघण्याआधी म्होरक्याकडून दोन गोष्टी सर्वांसमोर कबूल करून घ्या: परतीची वेळ टळली तर बाहेरचे कधी मदत बोलावणार, आणि मापांशिवाय कोणी पुढे जाणार नाही. दुसरीला तो कां-कूं करेल. तरी सोडू नका.