दादा हयात आहेत तोवर

प्रश्न : आपा, मी मिरजेची. दोन वर्षांपूर्वी माझे मालक वारले. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. सासूबाई त्याआधीच गेल्या. सासरे सतारी-तंबोरे बनवतात. घर आणि कारखाना त्यांच्याच नावावर आहे. दोन्ही दीर म्हणतात, "भाऊ अब्बांच्या आधी गेला, पोरं महजूब झाली, म्हणजे वारशातून बाद. शरीयतमध्ये त्यांना काही नाही. आम्ही सांभाळतोय ना, मग हिश्श्याचं कशाला काढतेस?" मालकांची बँकेत ठेव होती. तिला थोरले दीर नॉमिनी होते, ती रक्कमही त्यांच्याकडेच आहे. माझ्या मुलांचा खरंच काही हक्क नाही का?

उत्तर : बेटा, यात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली गेली आहे. ती आधी सोडवू.

ठेव तुझ्या मालकांची होती. तिथं 'महजूब' शब्दाचं कामच नाही. नॉमिनी म्हणजे बँकेतून रक्कम उचलणारा, तो तिचा धनी होत नाही. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी वजा करायचं. निकाहात ठरलेला तुझा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जातच येतो. उरलेल्यात तुझा आठवा हिस्सा, सासऱ्यांचा सहावा, आणि बाकी सगळं मुलांचं, मुलाला मुलीच्या दुप्पट. समज २,८८,००० रुपये उरले. तुला ३६,०००, सासऱ्यांना ४८,०००, मुलाला १,३६,००० आणि मुलीला ६८,०००. दिरांना त्यात एक पैसाही नाही. कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाची दहावी आयत त्यांना वाचून दाखव: जे अन्यायानं यतिमांचा, म्हणजे बाप गेलेल्या पोरांचा माल खातात, ते पोटात आग भरतात.

मी स्वतः यतीम. सहा वर्षांची असताना अब्बा गेले. जाताना त्यांनी आम्हाला चाचांवर सोपवलं. मागं थोडी रोकड आणि एक शिलाई मशीन होतं. चाचाही टेलर, सांगलीत गणपती पेठेजवळ त्यांचं दुकान होतं. अब्बांचं मशीन त्यांनी दुकानात लावलं आणि त्याच दिवशी लाल पुठ्ठ्याची वही आणली. दर महिन्याला त्या वहीत एक ओळ असायची: 'मशीनचं भाडं, २ रुपये, जमा.' स्वतःच्या भावाच्या मशीनचं भाडं ते स्वतःच्या खिशातून भरत होते, कारण मशीन आता आमचं होतं. खर्चाच्या बाजूला माझी चप्पल, पाटी, तापाचं औषध. मी मॅट्रिक होऊन डी.एड.ला लागले, तेव्हा चाचांनी शेजारच्या दोघांना बोलावलं, सगळी वही मोठ्यानं वाचली, पैसे माझ्या हातात दिले आणि दोघांच्या सह्या घेतल्या. पुढं कुराण अर्थासह वाचताना सूरह निसाच्या सहाव्या आयतीपाशी मी थांबले. यतीम शहाणं झालं की त्याचा माल त्याला द्या, मोठं होईल या घाईनं उडवू नका, पालक सधन असेल तर त्यानं त्यातलं काही घेऊ नये, गरीब असेल तर वाजवी तेवढंच, आणि देताना साक्षीदार ठेवा. ही आयत मी आधी वहीतच वाचलेली होती. "सांभाळतोय ना" म्हणणाऱ्या तुझ्या दिरांकडे अशी वही आहे का, एवढंच विचार.

आता सासऱ्यांचं घर आणि कारखाना. इथं दीर अर्धं खरं सांगतात. आपल्याकडचे बहुतेक सुन्नी पाळतात त्या हनफी पंथाच्या वारसा नियमात मुलगे हयात असताना मेलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही. अशा नातवंडांना वाटा मिळावा म्हणून इजिप्तनं १९४६ मध्ये आणि पाकिस्ताननं १९६१ मध्ये कायदे केले. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून हे काम आजोबांनाच करावं लागतं, आणि शरीयतनं त्यांना त्याची वाट ठेवली आहे. नातवंडं वारस नाहीत, म्हणूनच दादा, म्हणजे त्यांचे आजोबा, त्यांच्या नावे मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत (मृत्युपत्र) करू शकतात. त्याला दिरांची संमती लागत नाही. किंवा हयातीतच कारखान्याची एखादी खोली हिबा, म्हणजे बक्षीस, करता येईल: बोलून द्यायची, मुलांच्या वतीनं स्वीकारायची आणि ताबाही द्यायचा. तोंडी चालतं हे खरं, पण तू लेखी कर, नोंदणीही कर. तोंडी शब्द माणसाबरोबर जातो.

महजूब हा शब्द सांगणारे गल्लीत पुष्कळ भेटतात. वाटणीच्या वेळी नातलग, यतीम आणि गरजू हजर असतील तर त्यांनाही त्यातलं द्या, ही त्याच सूरहमधली आठवी आयत सांगणारे फार थोडे. मला याची चीड येते. नबी मुहम्मद सल्लल्लाहू अलैही वसल्लम स्वतः यतीम होते, दादांनी आणि मग चाचांनी वाढवलेले. यतिमाचा सांभाळ करणारा आणि मी जन्नतमध्ये असे असू, म्हणत त्यांनी दोन बोटं उचलून दाखवली होती.

सासऱ्यांशी तू एकटी बोलू नकोस, तुझ्या भावाला घेऊन जा. मुलांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या पैशातून भागत नसेल तर तो दादांवर येतो, हेही शांतपणे सांग. मुलांच्या मालाचे पालक सध्या तेच आहेत, तेव्हा ठेवीची रक्कम परत मागण्याचं कामही आधी त्यांचंच. त्यांनी टाळलं, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली सांगलीच्या जिल्हा न्यायालयात अर्ज कर. मुलांच्या मालाची पालक म्हणून न्यायालय आईलाही नेमू शकतं.

प्रश्न : मी कराडचा. दोन मुली, एक मुलगा. प्लॉट मुलाच्या नावे करून टाकतो, मुलींच्या लग्नात खर्च झालाच आहे. चालेल ना?

उत्तर : भाईजान, नबींचे एक सहाबी, म्हणजे सोबती, बशीर यांनी आपल्या नुअमान या मुलाला अशीच भेट दिली आणि नबींना साक्षीदार व्हायची विनंती केली. त्यांनी विचारलं, "सगळ्या मुलांना एवढंच दिलंस?" बशीर नाही म्हणाले. "अल्लाहला भ्या आणि मुलांमध्ये इन्साफ करा," हे उत्तर ऐकून त्यांनी भेट परत घेतली. वारशातला दुप्पटीचा हिशेब मरणानंतरचा आहे. हयातीतली भेट मुलाला-मुलीला सारखी द्यावी, असं हनफी विद्वान सांगतात. जेवणावळीवरचा खर्च मुलींच्या हातात पडलेला नाही, तो धरू नका. प्लॉटची किंमत काढा, तीन भाग करा, आणि निबंधक कार्यालयात जायच्या आधी दोन्ही मुलींना घरी बोलावून कागद दाखवा.