वाचकांचे प्रश्न: मेकॅनिकलच्या लॅबमध्ये दिवसभर चालतं तरी काय?

मागच्या अंकात लिहिलं होतं की रिसर्च लॅब चांगली की वाईट हे तिथल्या मोजमापावरून ओळखावं, पेपर किती छापले यावरून नाही. त्यावर ठाणे, ऐरोली, वाशी, रबाळे अशी सगळीकडून पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, पण ज्यांचे प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतात ते घेतलेत.

नमस्कार ताई, मुलगा पवईला आयआयटीत मेकॅनिकलमध्ये पीएचडी करतोय. रात्री शेवटच्या लोकलने येतो, जेवताना विचारलं आज काय झालं तर म्हणतो काही नाही, पाईपला इन्सुलेशन गुंडाळलं. दुसरं वर्ष संपत आलं. सोसायटीत सगळे विचारतात नोकरी कधी, मला काय सांगावं कळत नाही. त्याचं काही चुकतंय का? (एक आई, कोपरी, ठाणे पूर्व)

ताई, काही चुकत नाहीये, उलट तो जे सांगतोय तेच खरं काम आहे. मी स्वतः हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये पीएचडी केली आणि आता नवी मुंबईत शिकवते, त्यामुळे हे इन्सुलेशन गुंडाळणं म्हणजे काय ते मला चांगलं माहितीये. तुमचा मुलगा जो रिग बांधतोय, म्हणजे प्रयोगाचा सगळा सांगाडा, पंप, हीटर, पाईप, सेन्सर, तो कुठे विकत मिळत नाही. डिझाईन त्याचं, फिटिंग त्याचं, लीकेज शोधणंही त्याचंच. पहिली दीड-दोन वर्षं यातच जातात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरगं प्लंबिंग करतंय.

इन्सुलेशनचंच घ्या. हीटरमध्ये समजा ५०० वॅट वीज घातली तर ती सगळी पाण्यात गेली पाहिजे, पण थोडी पाईपच्या बाहेरून हवेत जातेच, मग पाणी किती तापलं त्यावरून हिशोब करायचा आणि दोन आकडे जुळतात का बघायचं, याला आम्ही हीट बॅलन्स म्हणतो. चार-पाच टक्क्यांचा फरक असेल तर ठीक, १५ टक्के असेल तर पुन्हा सगळं उघडा आणि उष्णता कुठून निसटतेय ते शोधा. तापमान मोजायला जी थर्मोकपलची वायर असते, के टाईप, ती एका अंशाला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले ४०. शेजारच्या मोटरच्या केबलमुळेसुद्धा हा आकडा हलतो. म्हणून प्रत्येक वायर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवते का बघायचं, मग गरम पाण्यात भरवशाच्या थर्मामीटरशी ताडून बघायचं, अशा वीस-तीस वायरी असतात आणि प्रत्येकीची वेगळी नोंद ठेवावी लागते. आणि रिग चालू केल्यावर लगेच रीडिंग घेता येत नाही, सगळी तापमानं एका जागी स्थिर व्हायला तासन्‌तास लागतात, मध्येच लाईट गेली की पहिल्यापासून सुरू. शेवटची लोकल का पकडावी लागते ते यावरून कळेल.

आता यात अचीव्हमेंट कुठे असते ते सांगते, सोसायटीत सांगता येईल असं. गोल पाईपमधून पाणी संथ वाहत असेल आणि सगळीकडून सारखी उष्णता देत असू तर पाईपच्या तोंडापासून पुरेसं लांब गेल्यावर नसेल्ट नंबर नावाचा आकडा, म्हणजे पाईपकडून पाण्यात उष्णता किती चांगली जाते त्याचं माप, ४.३६ येतो, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, कुठल्याही पुस्तकात सापडेल. नवीन काही शोधायच्या आधी आपल्या रिगवर हा जुना आकडा यावा लागतो. सुरुवातीला तो येत नाही, साडेपाच येतो, तीन येतो, आणि ज्या दिवशी ४.३ च्या आसपास येतो त्या दिवशी लॅबमध्ये वडापाव येतात. जगासाठी काहीच नवं घडलेलं नसतं पण यापुढे हा रिग जे सांगेल त्यावर विश्वास ठेवता येईल हे त्या दिवशी ठरतं. याला व्हॅलिडेशन म्हणतात. तर आज रात्री त्याला विचारा, व्हॅलिडेशन झालं का? बघा कसा बोलायला लागतो.

आणि पैशांचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला, म्हणजे सिनियर फेलोशिपला ४२,००० असा दर आहे, वर नियमाप्रमाणे घरभाडं. तो शिकतोय आणि कमावतोय पण, हे सोसायटीतल्यांना जरूर सांगा. मात्र एक काळजी घ्या, सलग कित्येक आठवडे तो गप्प गप्प असेल, जेवण कमी झालं असेल, तर रिगचं जाऊ दे, तू कसा आहेस असं विचारा. पीएचडीच्या मधल्या वर्षांत मुलं आतून फार एकटी पडतात आणि ते घरच्यांनाच आधी दिसतं.

मॅडम, मी ऐरोलीत राहतो, थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. सुट्टीत एका रिसर्च लॅबमध्ये इंटर्नशिप मिळतेय पण सिनियर म्हणतात तिकडे नुसता डेटा एक्सेलमध्ये भरायला लावतात. जाऊ का नको? (एक विद्यार्थी)

जा, पण आधी एक दिवस नुसता बघायला जा. मशीन किती महागडी आहे ते बघू नकोस. ताण देऊन तुकडा तोडायचं जे यूटीएम असतं त्यावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासल्याचं स्टिकर कुठल्या तारखेचं आहे ते बघ. लॉगबुक आहे का आणि त्यात शेवटची नोंद कधीची आहे ते बघ. मग एखाद्या पीएचडी करणाऱ्याला विचार की तुमचं शेवटचं फसलेलं रीडिंग कुठलं, तो जर उत्साहाने दहा मिनिटं सांगत बसला तर ती लॅब जिवंत आहे असं समज.

आणि तिथे गेल्यावर हट्टाने एक गोष्ट शिकून घे, स्ट्रेन गेज चिकटवणं, म्हणजे भाराखाली धातू किती ताणला जातो ते मोजणारा सेन्सर. दिसायला नखाएवढा कागदासारखा तुकडा, आत केसाहून बारीक धातूची नागमोडी रेघ. आधी लोखंडाचा पृष्ठभाग एमरी पेपरने घासायचा, ॲसिटोनने पुसायचा, एकाच दिशेने, पुसलेला कापूस परत फिरवायचा नाही. मग गेज पारदर्शक टेपवर उचलून बरोबर आखलेल्या रेघेवर बसवायचा, टेप अर्धी उचलून खाली थेंबभर सायनोॲक्रिलेट टाकायचं, आणि अंगठ्याने दाबून मिनिटभर हलायचं नाही. अंगठ्याची ऊब पण त्या गोंदाला लागते. नंतर टेप सावकाश स्वतःवरच दुमडत काढायची. हे जमलं की मग गंमत बघ, गेजचा रेझिस्टन्स १२० ओहम, पोलादात २०० मेगापास्कलचा ताण आला, जो काही कमी नाही, तरी तो बदलतो फक्त ०.२४ ओहमने. एवढासा बदल पकडायला व्हीटस्टन ब्रिज लागतो, जो तू बारावीत मार्कांसाठी पाठ केलास. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत उघडा गेज दमट होऊन रीडिंग सरकत राहतं म्हणून वर कोटिंग द्यायचं, ते पण विचारून घे. एवढं हाताने केलंस तर एक्सेल भरायला लावलं तरी वाईट वाटणार नाही कारण त्या रकान्यातला आकडा कुठून आला ते तुला माहिती असेल.

पीएचडीला पेपर छापणं सक्तीचं आहे का? (नेरुळ)

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढलीय, पण विद्यापीठं स्वतःचा नियम ठेवू शकतात आणि आयआयटींचे नियम वेगळे असतात. आपल्या विद्यापीठाच्या वेबसाईटवरचा नियम वाचा, मित्राच्या मित्राचं ऐकू नका.

मी रिटायर्ड आहे, वाशीला राहतो. मोजमाप मोजमाप ठीक आहे, पण अशा प्रयोगशाळांतून देशाला मिळालं काय? (एक ज्येष्ठ वाचक)

काका, प्रश्न आवडला. सतीश धवन यांचं नाव इस्रोमुळे सगळ्यांना माहिती आहे, पण त्यांची इंजिनिअरिंगची पदवी मेकॅनिकलची होती आणि अमेरिकेत कॅल्टेकला त्यांनी पीएचडीसाठी जे केलं ते निव्वळ मोजमाप होतं. हवा पृष्ठभागावरून वाहताना त्याला घासत जाते, ते घर्षण तोवर बहुतेक वेळा आडून हिशोब करूनच काढायचे. धवन यांनी भिंतीतला एक छोटा तुकडा बारीक फट ठेवून मोकळा सोडला आणि हवा त्याला किती ओढते ते थेट मोजलं. नंतर बंगळूरला आयआयएससीत येऊन त्यांनी सुपरसॉनिक विंड टनेल उभे केले. इतक्या बारकाईने मोजणारा माणूस पुढे रॉकेटच्या कामाचा प्रमुख झाला, हा मला योगायोग वाटत नाही.

आणि तुमच्या वाशीच्या खाडीपलीकडेच ट्रॉम्बे आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे मेकॅनिकल इंजिनिअर, १९६३ ची बॅच, त्यांनी पुढे नॉटिंगहॅमला एम.एस्सी. केलं ते एक्सपेरिमेंटल स्ट्रेस ॲनालिसिसमध्ये, म्हणजे वर त्या ऐरोलीच्या मुलाला सांगितलं त्याच जातकुळीचं काम. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी उभारण्यात त्यांचा मोठा वाटा. ती १९८५ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या प्रवाहाने इंधनाचे जुडगे थरथरायला लागले. आता ही अणूची अडचण नाही, सरळ सरळ मेकॅनिकलची आहे, वाहतं पाणी आणि कंप. डिझाईन सुधारलं आणि १९८८ मध्ये भट्टी पूर्ण १०० मेगावॅटवर चालली. माझ्या विद्यार्थ्यांना कंपनांचा विषय रटाळ वाटतो तेव्हा मी हेच उदाहरण देते.

मॅडम, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका मशीनचा पट्ट्यावर चालणारा शाफ्ट काही महिन्यांनी तुटतोच, तोही दर वेळी त्याच जागी. ईएन-८ पोलाद काढून त्याहून मजबूत ईएन-२४ टाकलं तरी तेच. कॉलेजच्या लॅबवाले आमच्यासारख्याचं काम घेतात का? (एक वर्कशॉपवाले)

दादा, घेतात, आणि हा प्रश्न तर एखाद्या एम.टेक.च्या मुलाला सोन्यासारखा प्रोजेक्ट आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला फटीगचा, म्हणजे धातू थकण्याचा संशय येतो. पट्टा शाफ्टला एका बाजूला ओढतो, शाफ्ट फिरतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक बिंदूवर एका फेऱ्यात एकदा ताण आणि एकदा दाब येतो. १४४० आरपीएमवर आठ तासांच्या पाळीत असे जवळपास सात लाख फेरे होतात. जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस का तुटतात ते शोधताना हेच दाखवलं की एका झटक्यात ज्या भाराने काहीच होत नाही तोच भार लाखो वेळा आला की आस तुटतो.

चीर सुरू होते ती बहुधा तीक्ष्ण कोपऱ्यातून. जिथे शाफ्टचा व्यास बदलतो ती स्टेप, नाहीतर की-वेचा, म्हणजे पुली पक्की बसवायला शाफ्टवर पाडलेल्या खाचेचा कोपरा. तिथे लेथवर टूलने काटकोन काढला असेल तर महाग मटेरियल टाकूनही फारसा फायदा होत नाही, उलट जास्त कडक पोलाद अशा खाचेला जास्त हळवं असतं. तिथे चांगला रेडियस मारून, म्हणजे कोपरा गोलसर करून घ्या, पट्टा अति ताणलेला नाही ना आणि दोन्ही पुली एका रेषेत आहेत ना ते तपासा.

पण लॅबमध्ये जाताना एक पाळा. तुटलेले दोन्ही तुकडे न्या आणि ते जुळतात का बघायला एकमेकांवर दाबू नका. ब्रशने घासू नका, बोट फिरवू नका, तेलाचा हलका हात देऊन वेगवेगळे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. फटीग असेल तर त्या तोंडावर चीर पुढे पुढे सरकल्याच्या वळ्या दिसतात, शेवटी एक खडबडीत भाग असतो जिथे तो एकदम तुटला. वळ्या कुठल्या कोपऱ्यातून निघाल्यात ते बघितलं की चीर कुठे सुरू झाली ते कळतं, आणि तुकडे एकमेकांवर घासले की हा सगळा पुरावा पुसला जातो. सोबत एका कागदावर मोटरचा एचपी, आरपीएम, पुलीचे व्यास, रोज किती तास चालतं आणि मागचे शाफ्ट कधी कधी तुटले ते लिहून न्या. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या एचओडींच्या नावे साधं पत्र द्या, टेस्टिंगचे दर तिथेच विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर उत्तम, तेव्हा मुलं प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात.