चंद्रकळा, बूट आणि पाऊण तास

अगं,

तुझा मेसेज रात्री दीडला आला, मी सकाळी ट्राममध्ये वाचला आणि ऑफिस येईपर्यंत हसत होते. तुझ्या त्या जपानी बँडचं नाव मोजून अकरा वेळा, आणि राहणार कुठे, येणार कशी, हे एकदाही नाही. आणि एवढं सगळं लिहून शेवटी काय, तर ताई, लाइपझिगच्या फेस्टिवलचं तिकीट महाग आहे, एकटीच आहे, पुढच्या वर्षी जाऊ का.

नाही. याच वर्षी जा.

हे मी उगाच म्हणत नाहीये. तुला माहितीये मी बक-टिकची, त्या जपानी रॉक बँडची, किती वेडी आहे, कॉलेजपासून. त्यांच्या गायकाला, साकुराई आत्सुशीला, एकदा तरी समोर बघायचं, हे माझं कायम पुढच्या वर्षीचं ठरलेलं असायचं. आधी नोकरी नवीन होती, मग व्हिसाचं लफडं, मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, मग कोरोना. 19 ऑक्टोबर 2023 ला योकोहामात शो चालू असताना त्याला बरं वाटेनासं झालं, स्टेजवरून न्यावं लागलं आणि त्याच रात्री तो गेला, वय 57. मला पाच दिवसांनी कळलं, ऑफिसच्या किचनमध्ये, हातात कपातलं नूडल्स तसंच. बाकीचे चौघं थांबले नाहीत, 2024 च्या डिसेंबरात त्यांनी नवीन अल्बमसुद्धा काढला आणि चांगला आहे गं तो, पण मी अजून नीट ऐकू शकत नाही.

असो. तुझ्या बँडकडे येऊ. जपानला जाऊन बघायचं तर विमानाचंच तिकीट किती होईल हिशोब कर, आणि इथे ते स्वतः लाइपझिगला येतायत, तुझ्यापासून दोन तासांवर. महाग वगैरे डोक्यातून काढून टाक.

आता नीट ऐक, कारण माझ्या पहिल्या वेळी मी जी माती खाल्ली ती तू खाऊ नकोस. वेव्ह-गोटिक-ट्रेफेन, म्हणजे काळे कपडे घालणाऱ्या गॉथ संगीतवेड्यांचा मेळा, हे नाव ऐकून तुझ्या डोळ्यासमोर एक मोठं मैदान, एक स्टेज, असं काहीतरी आलं असेल, पुण्यातल्या फेस्टिवलसारखं. तसं नाहीये ते. फिंग्स्टनच्या, म्हणजे ख्रिश्चनांच्या पेन्टेकॉस्ट सणाच्या, सुट्टीला जोडून शुक्रवार ते सोमवार, अख्ख्या शहरभर पसरलेलं असतं, हॉल, क्लब, चर्च, थिएटर, बागेतलं स्टेज, सगळीकडे एकाच वेळी काहीतरी चालू, आणि दोनशेच्या आसपास बँड. पोस्टरवर नावं एबीसीडीप्रमाणे असतात, म्हणजे मोठा कोण छोटा कोण त्यावरून काही कळत नाही, आणि कोण कधी कुठे वाजवणार हे फार उशिरा जाहीर होतं. तोवर कुणालाही शुक्रवारी भेटू, शनिवारी जेवू असले शब्द देऊन ठेवू नकोस.

मी तेच केलं होतं. माझा जपानी बँड रात्री साडेदहाला होता, मी नऊपर्यंत शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणीबरोबर सूप पीत बसले, म्हटलं अर्ध्या तासात पोचू. पोचले पण. दारात भलीमोठी रांग आणि पहारेकरी म्हणतो आइनलास-श्टॉप, हॉल भरला, आता एक बाहेर आला तर एक आत. बाहेर कोण येतंय गं अशा वेळी! मी भिंतीला कान लावून उभी, नुसता बास ऐकू येत होता आणि त्या बासवरून मी गाणी ओळखत होते, हे दुसरं, हे चौथं, हे माझं सगळ्यात आवडतं. आत शिरले तेव्हा दोन गाणी उरली होती. हॉलचं नाव सांगत नाही, त्यांची चूक नव्हती, नियम म्हणजे नियम, सूप माझं होतं.

म्हणून सांगते, तुझ्या बँडच्या आधी जो कोणी असेल त्याच्याही आधीच्याला जाऊन आत उभी रहा. आवडो न आवडो. पाणी पिऊन घे, टॉयलेटला जाऊन ये, जॅकेट गार्डरोबला, म्हणजे कपडे ठेवायच्या काउंटरवर, दे, आणि डावीकडे किंवा उजवीकडे स्पीकरच्या बरोब्बर समोर राहू नकोस. इअरप्लग आण, केमिस्टकडचे साधेसुद्धा चालतील, माझ्या कानात अजून एक बारीक शिट्टी वाजते रात्री, ती त्याच काळातली.

आणि मोबाइल. एक गाणं शूट कर, आईला दाखवायला, मग खिशात टाक. फेस्टिवलला पाऊण तास, फार तर एक तास मिळतो त्यांना. जपानमधल्या लाइव्ह हाउसमध्ये, म्हणजे छोट्या म्युझिक क्लबमध्ये, बहुतेक ठिकाणी शूटिंगला मनाईच असते, तिथल्या मुली रिकाम्या हातांनी उभ्या असतात कारण हातांना काम असतं, फुरित्सुके, म्हणजे प्रत्येक गाण्याच्या ठरलेल्या हालचाली. तू त्या व्हिडिओ बघून पाठ केल्यायत हे मला माहितीये, लाजू नकोस, कर तिथे.

दुसऱ्या वर्षी मी तशी पुढे उभी होते, तिसऱ्या रांगेत. माझ्या शेजारी साठीचा एक माणूस, चेहऱ्यावर पांढरा रंग आणि घामाने त्याला भेगा पडलेल्या, जुन्या भिंतीसारख्या, केस हेअरस्प्रेने सरळ वर उभे. हे फेस्टिवल 1992 ला पहिल्यांदा झालं, म्हणजे बर्लिनची भिंत पडून तीन वर्षंही झाली नव्हती, आणि हा म्हणाला मी तेव्हापासून येतोय. जर्मन गॉथ लोक हाताची घडी घालून उभे राहतात, आवडलं तरी चेहरा तोच. गायकाने खाली मॉनिटरजवळ एक कागद चिकटवला होता, त्याच्याकडे बघून तो अगदी शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, गुटेन आबेन्तो, जर्मन शुभ संध्याकाळ पण जपानी उच्चारात, आणि हॉल फुटला. मग पुढच्या चारपाच मुलींनी हात वर करून फुरित्सुके सुरू केलं, मीही, आणि दोन गाण्यांनी बघते तर शेजारचे आजोबा घडी सोडून आमचं बघून बघून हात हलवतायत, सगळं अर्ध्या ठेक्याने उशिरा. मला आज त्या शोमधली गाणी क्रमाने आठवत नाहीत पण तो हात आठवतो, नखांना काळं नेलपॉलिश आणि एका बोटात लग्नाची अंगठी.

कपड्यांचं तू तीन मेसेज लिहिलेस. कॉर्सेट वगैरे विकत घेऊ नकोस, तुझं बजेट मला माहितीये. काळा टीशर्ट, काळी पँट, मजबूत बूट, झालं. लोकांना वाटतं तिथे कोणी तपासतं, कोणी बघतसुद्धा नाही. मी तिसऱ्या वर्षी आजीची चंद्रकळा नेसले होते. संक्रांतीला नेसायची तीच, काळीभोर, काठ उसवलेला. खाली लेसवाले बूट, डोळ्यांत ढीगभर काजळ, नाकात ऑक्सिडाइज्डची नथ. शुक्रवारी क्लारा-झेटकिन पार्कात व्हिक्टोरियन पिकनिक असते, लोक पिसांच्या टोप्या आणि घेरदार झगे घालून गवतावर चहा पितात, तिथे दोन बायकांनी मला थांबवून विचारलं, हे कोणी शिवलं? म्हटलं शिवलेलंच नाहीये, नऊ वार पण नाही, सहाच आहे, गुंडाळलंय. पण परत येताना अकरा नंबरच्या ट्राममध्ये पदरावर कोणाचा तरी प्लॅटफॉर्म बूट पडला आणि मी अर्धी सुटले, तेव्हा साडी नेसलीस तर सेफ्टी पिना भरपूर लाव आणि आत लेगिंग घाल.

ती अकरा नंबरची ट्राम मात्र मुद्दाम बघ. आग्राच्या मैदानाकडे जाते, आणि हो, आपल्या आग्र्याशी त्याचा काही संबंध नाही, शेतकी प्रदर्शनाची जागा होती ती. अख्खा डबा काळा आणि मधेच एक आजी बाजाराची पिशवी घेऊन, शांत. शहरातले म्हातारे लोक खुर्च्या टाकून बघायला बसतात. मनगटाला फेस्टिवलचा पट्टा असला की शहरातली ट्राम-बस त्यातच येते. तुझ्या गावाहून येताना डॉइचलंडटिकिटावर, म्हणजे महिन्याच्या पासवर, रीजनल गाडी पकड, चुकून आयसीई या वेगवान गाडीत चढू नकोस.

कोणाचा फोटो काढायचा तर आधी विचार. आणि वेळ मिळाला तर मोरिट्झबास्टायला उतर, जुन्या तटबंदीच्या तळघरातला क्लब, 1970 च्या दशकात विद्यार्थ्यांनी फावड्यांनी खणून मोकळा केला, त्यात तेव्हा इथे फिजिक्स शिकणारी अँगेला मर्केलपण होती. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच खायचं घेऊन ठेव.

एकटी वगैरे काही नाहीस, शुक्रवार ते सोमवार माझ्या सोफ्यावर झोप, नवरा चार दिवस त्याच्या आईकडे पळतोय, तो गोंगाटाला घाबरतो. आईला खोटं सांगू नकोस, सरळ सांग ताईकडे चाललेय आणि बँड बघायला. सुतक आहे का म्हणून विचारेल, माझ्याही आईने विचारलं होतं. तिला चंद्रकळेतला फोटो पाठवला तर तिने उलट काय लिहिलं माहितीये? निऱ्या आखूड झाल्यात.

येताना थालीपीठाची भाजणी आण, माझी संपलीये. आणि बँडची वेळ जाहीर झाली की मला आधी कळव, रांगेत दोघी उभ्या राहू.

तुझी,
ताई