दर ठरण्याआधी

सोलापूर

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात विधी विभागात तू रुजू झालीस, याचा मला मनापासून आनंद आहे. खरेदी विभाग करार ऐनवेळी आणून देतो आणि उशिराचा ठपका मात्र आपल्यावर येतो, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण ऑर्डर निघून आगाऊ रक्कम गेल्यावर पुरवठादार एकही अट बदलत नाही, आणि मग तुझा प्रत्येक आक्षेप खरेदीवाल्यांना अडवणूक वाटतो. म्हणून कोटेशन मागवतानाच त्यांच्यासोबत बस. सूत वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात आले नाही तर माग थांबतात, ही त्यांची धास्ती खरी आहे; ती समजून घेतल्याशिवाय तुझा सल्ला त्यांना पटणार नाही.

त्याआधी एकदा गोदामात आणि डाईंगमध्ये, म्हणजे रंगाई विभागात, जाऊन ये. दोन वेगवेगळ्या लॉटचे (एकाच वेळी तयार झालेल्या गटांचे) सूत एकाच बीमवर, म्हणजे मागाला उभे धागे पुरवणाऱ्या रुळावर, चढले, तर कोऱ्या कापडात काहीच दिसत नाही. रंगवल्यावर मात्र उभे पट्टे उमटतात. आता 'माल मिळाल्यापासून 7 दिवसांत तक्रार करावी' ही छापील अट अशा दोषापुढे किती तोकडी आहे, हे तुला करार वाचून कळणार नाही, तिथेच कळेल. रंगाईनंतर उघड होणाऱ्या दोषासाठी वेगळी मुदत हवी, ही मागणी मग तू आणि खरेदी अधिकारी एका सुरात कराल.

देयकांच्या मुदतीत दोन्ही विभागांची सर्वाधिक ओढाताण होते. 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास, कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराशी लेखी करार असला, तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करारात मुदतच नसेल, तर ती 15 दिवसांची. बाजारात 90 दिवसांच्या उधारीची बोली झाली, तरी ती कायद्यापुढे टिकत नाही आणि थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मालाविषयीचा आक्षेपही मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवला नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. खरेदीतील माणसे तक्रार बहुधा फोनवर करतात; त्याच संध्याकाळी तीच तक्रार ईमेलने जावी, एवढी सवय तू लावलीस तर वर्षभराचे बरेच वाद टळतील. शिवाय पुरवठादार स्वतः उत्पादन करतो की नुसता व्यापारी आहे, हे आधी विचारायला सांग. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, व्यापाऱ्यालाही मिळते, पण उशिरा देयकाचे हे संरक्षण त्याला मिळत नाही.

दंडाच्या कलमाबद्दल खरेदीवाले फार आग्रही असतात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारातील रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देते, हे त्यांना शांतपणे सांग. भरमसाट आकडा लिहून पुरवठादार दुखावण्यापेक्षा उशिराच्या प्रत्येक आठवड्याला पटेल अशी टक्केवारी ठेवणे चांगले.

सगळ्याच अटींवर अडून बसू नकोस. न्यायकक्षा (वाद कोणत्या ठिकाणच्या न्यायालयात जाईल ते), मालाची मोजणी, वाहतुकीची जोखीम आणि देयकाची मुदत यांपैकी कोणत्या अटी तुला न विचारता सोडता येतात आणि कोणत्या नाहीत, हे खरेदी प्रमुखांसोबत बसून एका पानावर लिहून काढ. नेहमीच्या, कमी रकमेच्या खरेदीसाठी ठरलेला मसुदा त्यांच्याच हाती दे. तो तुझ्याकडे येण्याची गरजच नसावी. त्यातून जो वेळ वाचेल, तो मोठ्या सूतकरारांना दे. ते पान तयार झाले की मला पाठव. वाहतुकीच्या जोखमीबद्दल मला तुझ्याशी सविस्तर बोलायचे आहे.

तुझा,
मामा